वन्संच्या बाटल्या घेऊन सांगोल्याकडे

सांगोल्याहून परत आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय काय बघितलंस?" मी म्हटलं, "शेळ्या." ते म्हणाले, "बरं," आणि जेवायला बसले. मला माणसांपुढं बोलता येत नाही, घरच्यांपुढंसुद्धा नाही. पण चौथीपर्यंत शाळा झाली आहे आणि अक्षर बरं आहे. दुपारी घर निजलं की लिहिते. ज्यांनी सांगोल्याच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नाही त्यांना कळावं असं लिहायचं ठरवलं आहे. वाचणार कोणीच नाही, पण न गेलेले पुष्कळ आहेत.

सोलापूर

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. ती जनावरांची डॉक्टर आहे. मॅट्रिक झाल्यावर मुंबईला शिकायला गेली तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. माझे सासरे म्हणायचे, माणसांची डॉक्टर झाली असती तर चांगलं स्थळ आलं असतं. पुढं ती पुण्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि जनावरंही सोडून जंतूंच्या मागं गेली, तेव्हा सासऱ्यांनी बोलणंच सोडलं. जंतूंना स्थळ येत नाही हे त्यांना न सांगता कळलं होतं.

जनावरांचे जे आजार माणसांना होतात ते वन्संचं काम. हल्ली आमचा जिल्हा तिच्याकडं आहे, म्हणून राहते आमच्याच घरी. जनावरांचं खातं म्हणतं माणसाचा ताप आमच्याकडं नाही, आणि माणसांचं खातं म्हणतं शेळ्या आमच्याकडं नाहीत. दोन खात्यांच्या मधे वन्सं. पिसाळलेल्या कुत्र्याचं डोकं डब्यात घालून तिनं रेल्वेनं नेलेलं आहे. शेजारच्या बाईनं डब्यात काय म्हणून विचारलं, तर वन्संनी खरं सांगितलं. पुढं पुण्यापर्यंत बाक तिला एकटीला मिळाला.

ज्या आजारासाठी आम्ही सांगोल्याला गेलो त्याचं नाव ब्रुसेलोसिस. हे नीट लिहायला मी तिला तीनदा विचारलं. ह्यात शेळ्यामेंढ्या गाभडतात, म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लू टाकतात. माणसाला संध्याकाळचा ताप येतो, घामानं अंथरूण भिजतं आणि सांधे धरतात. हा आजार वन्संना स्वतःला होऊन गेला आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून लागला आणि ती रजा घेऊन घरी आली. आधी हिवताप म्हणून औषध झालं, मग क्षयाचा संशय आला. त्या वर्षी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, ते क्षयाचं नाव ऐकून गेलं. शेवटी वन्संनी आपलं रक्त आपणच तपासलं आणि जेवताना पानावर "सापडलं!" म्हणून ओरडली. सासूबाई म्हणाल्या, "कामावरचं काही घरी आणू नये गं."

सांगोल्याच्या पुढच्या एका वाडीवर शेळ्या गाभडत असल्याची खबर आली. वन्संचा मदतनीस आजारी होता. खात्याची जीप बिघडलेली होती, ती मी ह्या घरात आल्यापासून बिघडलेलीच आहे. एकट्या बाईनं वाडीवर कसं जायचं, म्हणून ह्यांनी मला सांगितलं, "तू जा. तुला काही बोलावं लागणार नाही." एवढ्यावर मी तयार झाले.

सांगोला

मंगळवेढ्यावरून एस.टी.नं गेलो. थर्मास माझ्या मांडीवर होता. त्यात बर्फ आणि बर्फात वन्संची गुलाबी औषधाची कुपी. कंडक्टरनं एकदा थर्मासकडं आणि एकदा माझ्याकडं बघून "बाळंतीण कुणीकडं हाय?" म्हणून विचारलं. मी नुसती मान हलवली. तो समजला. काय समजला ते मला माहीत नाही.

सांगोल्यात बर्फ बदलायचा होता. सोडावाल्याच्या दुकानी भुशात पुरलेला बर्फ असतो. त्यानं लादी फोडली आणि विचारलं, "कुनाला लागलंय?" वन्सं म्हणाली, "औषधाला." त्यानं हात जोडले आणि जास्तीचा तुकडा दिला. सोलापुरात बर्फ विकत घेताना कोणी हात जोडत नाही.

दुष्काळ होऊन तीन वर्षं झाली होती, पण त्या भागात दुष्काळ अजून पुरता गेल्यासारखा वाटत नाही. जमीन पांढरट, मधे मधे बाभळी, आणि एवढ्याशा झुडपाला दहा-दहा मेंढरं. वाडीवरून बैलगाडी घेऊन बिरा आला होता. शेळ्या त्याच्याच घरच्या. पंचविशीचा, उंच, खांद्यावर घोंगडं. बोलण्यात माझाच भाऊ शोभला असता. तीन कोसांत तो एकदाच बोलला. "बाई, गाडीत उसाची पाचट टाकलीया, टोचंल." टोचलं.

वाडीवर, पहिला दिवस

बिराची आई धुरपदाबाई. बांध्यानं दणकट, पण बसली की उठताना गुडघ्यावर हात देऊन "देवा बिरुबा" म्हणायची. तिनं आम्हाला घोंगड्यावर बसवलं आणि चरवी घेऊन शेळीखाली बसली. काढलेलं कोमट दूध, वर फेस, वाटीत ओतून पहिली वाटी वन्संपुढं धरली.

वन्सं म्हणाली, "मावशी, उकळून द्या. कच्चं मी घेत नाही."

"कच्चं कसलं? आता तर काढलंय."

"तेच. ह्या दुधातनंच ताप येतो माणसाला. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही, ठेवायचंसुद्धा नाही. पोराबाळांना तर अजिबात नाही."

धुरपदाबाईनं वाटी मागं घेतली आणि माझ्या हातात दिली. माझ्या तोंडून नाही निघेना. वन्सं डोळे मोठे करून बघत होती. घरची बाई तोंडाकडं बघत होती. मी वाटी धरून बसले. दुधावरचा फेस बसला. तेवढ्यात एक करडू उडी मारत आलं आणि वाटी सांडून गेलं. त्या प्रवासात माझ्या वतीनं कोणी तरी योग्य निर्णय घेतल्याची ती पहिली वेळ.

रात्रीच्या जेवणाला हुलग्याचं माडगं, भाकरी आणि लसणाची चटणी. हुलगे भाजून दळायचे, त्या पिठाचं पातळ शिजवायचं, गूळ घालून. आमच्याकडं हे आजाऱ्याला देतात. तिथं पाहुण्याला देतात आणि वाटी रिकामी ठेवू देत नाहीत. चव चांगली असते. वन्संनी तीन वाट्या प्यायल्या, त्यात धुरपदाबाईचा राग उतरला.

स्वयंपाक सुनेनं केला होता. हौसा तिचं नाव. अठराएकोणीस वर्षांची, हात झपझप चालणारी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तिनं चूल, पाणी, दळण सगळं केलं, पण शेळ्यांच्या वाड्याकडं गेली नाही. एक करडू तिच्या पायात घोटाळत आलं तर तिनं त्याला हात न लावता लुगड्याच्या सोग्यानं ढकललं. मला वाटलं तिला शेळ्यांची भीती असेल. धनगराच्या घरात हे नवल वाटलं.

कारण धुरपदाबाईनं सांगितलं, हौसाला ऐकू जाईल अशा बेतानं. "ही घरात आली आन् दुसऱ्याच म्हैन्याला पयली शेळी गाभडली. मग दुसरी. मग रांगच. पायगुन म्हंत्यात त्यो ह्यो. म्या तवाच सांगितलं, वाड्यात पाऊल टाकायचं न्हाय. तरीबी थांबंना. उद्या हिचा बाप येनार हाय न्यायला."

"किती दिवसांसाठी?" वन्संनी विचारलं.

"कशाचं दिस? न्यायला म्हंजे न्यायला. ठिवून घ्यायला."

बिरा अंगणात वाखाची दोरी वळत बसला होता. त्याचा हात थांबला आणि परत चालू झाला. हौसानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.  

वन्सं म्हणाली, "मावशी, हा पायाचा गुण नाही, जंतूचा आहे. मी तपासून दाखवते. शेळ्यांचं रक्त घेऊ द्या."

बिरा पहिल्यांदाच ताडकन बोलला. "रगत न्हाय. आमच्या जित्राबाचं रगत देवाशिवाय कुनी बघत न्हाय. दूध किती बी घ्या."

मग दूध घ्यायचं ठरलं. गाभडलेल्या सहा शेळ्यांचं दूध वन्संनी स्वतः काढून सहा बाटल्यांत भरलं, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून आकडा घातला. हे दूध पुण्याला नेऊन त्यातून जंतू वाढवून दाखवायचे होते. बाटल्या गार राहाव्यात म्हणून ओलं फडकं गुंडाळून पाण्याच्या रांजणाच्या सावलीला ठेवल्या. मी विचारलं, पुण्याहून उत्तर यायला किती दिवस? ती म्हणाली, "महिना तरी." बाप उद्या येणार होता. हा हिशोब मी तिला बोलून दाखवला नाही, पण तिला झोप आली नाही हे मला कळलं, कारण ती माझं घोंगडं ओढत होती.

दुसरा दिवस

सकाळी आम्ही दोघी विहिरीवर गेलो. परत आलो तर बाटल्या अंगणात उन्हाला ओळीनं मांडलेल्या होत्या, स्वच्छ पुसून. धुरपदाबाई पदरानं शेवटची पुसत होती.

"घ्या बाई," ती म्हणाली. "उकळून ठिवलंय."

वन्संना आधी समजलं नाही. "काय उकळून ठेवलंय?"

"दूध. कच्चंच तसंच ठिवलं हुतं की तुमी. वाटंत नासलं असतं. समदं एका पातेल्यात वतलं, चांगल्या तीन उकळ्या आणल्या, आन् परत भरलं. साहीच्या साही बाटल्यांत सारखं भरलंय. कमीजास्त न्हाय."

वन्सं दगडावर बसली. जी बाई गावोगाव फिरून दूध उकळा, दूध उकळा म्हणून घसा कोरडा करते, तिचं ऐकून आयुष्यात पहिल्यांदा कोणी दूध उकळलं होतं, आणि ती कपाळाला हात लावून बसली होती. धुरपदाबाईला वाटलं ऊन लागलं. तिनं हौसाला कांदा फोडून आणायला सांगितला.

"मावशी, उकळलं की जंतू मरतात. आता ह्यात बघायला काही राहिलं नाही."

"मग चांगलं झालं की! मेलं न्हवं?"

 वन्सं हसायला लागली, मग मी तोंडाला पदर लावला. धुरपदाबाईला मात्र हसू आलं नाही. पाहुण्याची वस्तू आपल्या हातानं वाया गेली हे तिला कळलं. तिनं पातेलं उचललं, परत खाली ठेवलं.

बिरा वाड्याच्या तोंडाशी उभा राहून ऐकत होता. तो पुढं आला. म्हणाला, "आईनं दूध घालवलं. आता रगत घ्या."

"आरं पर देव..." धुरपदाबाई म्हणाली.

"देवाला मी सांगतो. पर रीतीनं घ्यायचं. जित्राबाच्या आदी धन्यानं द्यायचं. धन्याच्या अंगाला सुई लागल्याबिगर जनावराला लावायची न्हाय."

वन्संचा चेहरा मी पाहिला. ह्या लोकांकडं त्यांचं स्वतःचं रक्त मागायचं कसं, ह्या काळजीत ती महिनाभर होती. आता तेच तिच्यावर अट म्हणून घातलं जात होतं. तिनं जराशी कुरकुर केल्यासारखं केलं आणि मान्य केलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ती माणसांचं रक्त काढायला शिकली होती, त्याचा आमच्या घरी आजवर कोणाला उपयोग झाला नव्हता.

"शेळ्यांचा धनी कोण? तुम्ही?" तिनं बिराला विचारलं.

"मेंढरं माजी. शेळ्या आईच्या."

धुरपदाबाईनं दंड पुढं केला आणि तोंड फिरवलं. तिचं झालं, मग बिराचं. वन्संनी हौसाकडं बघितलं.

"हिचं कशाला?" धुरपदाबाई म्हणाली. "ही आज जानार हाय."

"आत्ता आहे ना घरात? मग घराचं म्हणून द्यावं लागेल. रीत तुमचीच."

हौसा आली आणि पाटावर बसली. सुई लागली तेव्हा तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत, सासूकडं बघत राहिली. नंतर बिरानं एकेक शेळी मांडीत धरली आणि वन्संनी मानेच्या शिरेतून रक्त काढलं. नळ्या मी धरल्या होत्या. गरम असतात. मला वाटलं होतं मला घेरी येईल, पण बाजारात मासे घेताना जसं होतं तेवढंच झालं.

नळ्या तिरक्या करून सावलीला ठेवायच्या. रक्त गोठून खाली बसतं आणि वर पिवळं पाणी सुटतं. त्या पाण्याचा थेंब लागतो. त्याला दुपार झाली, आणि दुपारीच हौसाचा बाप आला.

वाळकेला म्हातारा, मुंडासं मोठं. त्यानं बैल सोडले, पाणी पाजलं आणि ओट्यावर बसला. पोरीकडं बघितलं नाही. हौसानं आपलं गाठोडं दाराशी आणून ठेवलं होतं. सोलापुरात अशा वेळी दोन्हीकडची माणसं जमतात, आवाज चढतात, शेजारी मधे पडतात. इथं कोणी चढ्या आवाजात बोलेना, ते मला जास्त कठीण गेलं.

"जेवून घ्या," धुरपदाबाई म्हणाली.

"जेवत न्हाय. उन्हं कलायच्या आत निघतो."

"थोडा वेळ थांबा," वन्सं म्हणाली. "माझं काम होऊ द्या. मग काय ते करा."

तिनं पांढरी चिनी मातीची फरशी काढली. थर्मासातली कुपी काढली. प्रत्येक नळीतल्या पाण्याचा एक थेंब, त्याशेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब, काडीनं दोन्ही एकत्र करायचे आणि फरशी हळूहळू डुलवायची. चांगलं असेल तर गुलाबी तसंच नितळ राहतं. आजार असेल तर फुटतं, रव्यासारखी कणी धरते.

आधी शेळ्यांचं केलं. पहिला थेंब फुटला. दुसरा, तिसरा. सहाच्या सहा फुटले. बिरा वाकून बघत होता. म्हणाला, "नासल्यावानी दिसतंय."

"आता हा हौसाचा." वन्संनी फरशी डुलवली. आम्ही सगळे वाकलो, म्हातारासुद्धा ओट्यावरून उतरून आला. थेंब गुलाबी आणि नितळ. डुलवत राहिली तरी नितळ.

"हिला काही नाही," वन्सं म्हणाली. "शेळी वेताना पिल्लू ओढायचं, पिल्लामागची वार काढायची, त्या हातानं हा आजार दुधापेक्षाही लवकर चढतो. हिला तुम्ही वाड्यात येऊच दिलं नाहीत, म्हणून वाचली."

बिराचाही थेंब नितळ. तो मेंढरांमागं रानात असतो आणि शेळ्यांच्या बाळंतपणात त्याचा हात नसतो.

राहिला धुरपदाबाईचा. थेंब एकत्र केल्याबरोबर फुटला. डुलवायचीसुद्धा गरज पडली नाही.

वन्संनी फरशी खाली ठेवली. "मावशी, तुम्हाला संध्याकाळचा ताप येतो?"

"येतू की. हिवताप हाय माजा जुना."

"घाम?"

"चोळी पिळावी लागती."

"आणि गुडघे कधीपासून धरलेत?"

धुरपदाबाई बोलायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "बिराची सोयरीक बघाय गेलो हुतो, तवाच गाडीतनं उतरता येईना..."

सोयरीक म्हणजे लग्नाच्या आधी. हे सगळ्यांच्या ध्यानात एकाच वेळी आलं. बिरा जमिनीकडं बघू लागला. हौसा सासूकडं बघत होती, सकाळी सुईच्या वेळी बघत होती तशीच. म्हाताऱ्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हंजे," धुरपदाबाई म्हणाली, "माज्या पायाचं म्हनायचं का?"

"कोणाच्याच पायाचं नाही. हाताचं. कोणती तरी शेळी बाजारातून आजार घेऊन आली असेल. तिचं बाळंतपण तुम्ही केलंत, तिथून तुम्हाला आणि बाकीच्या शेळ्यांना."

"कंची?"

"ते आता सांगता येत नाही."

तरी बिरानं वाड्याकडं बघितलंच. तिथं गळ्याला मांसाच्या दोन लोंब्या असलेली एक तांबडी शेळी उभी होती. अशी शेळी लक्ष्मी समजतात. धुरपदाबाईनं ती सोयरिकीच्या आधी बाजारातून पायगुण बघून आणली होती, हे तिनं काल आम्हाला अभिमानानं सांगितलं होतं. आज तिनं ते परत सांगितलं नाही.

वन्संनी मग न थांबता सगळं समजावलं. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात यायचं, सुया आणि गोळ्या घ्यायच्या, राहायला आमच्या घरी. वेणाऱ्या शेळीला उघड्या हातानं शिवायचं नाही. वार आणि मेलेलं पिल्लू कुत्र्याला टाकायचं नाही, खोल पुरायचं. हात साबणानं कोपरापर्यंत. धुरपदाबाई ऐकत होती असं दिसलं नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं, "मग आमी काय करायचं? न्यायची का ठिवायची?"

धुरपदाबाई म्हणाली, "आता मला वाड्यात जायची बंदी झाली. शेळ्यांचं कोन बघनार?" हे ती छपराकडं बघून म्हणाली. एवढंच तिच्याच्यानं होण्यासारखं होतं. म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला आणि बैलांकडं निघाला, ते जुंपायला नाही, वैरण टाकायला.

पण हौसानं गाठोडं उचललं.

"मी जाते आबाबरुबर," ती म्हणाली. आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला म्हणायला हरकत नाही. "आठ दिस ऱ्हाते. न्यायला मालकांनी यायचं."

बिरा म्हणाला, "येतो की."

"आन् वटी भरून जाते."

टाकून दिलेल्या सुनेची ओटी कोणी भरत नाही. ओटी भरून गेली ती परत यायचीच असते. हे वाडीतलं पोरही जाणतं. हौसा दारात पदर पसरून उभी राहिली आणि सासूकडं बघत राहिली. 

धुरपदाबाई मग गुडघ्यावर हात देऊन उठली. ह्या वेळी देवाचं नाव घेतलं नाही. आत गेली, सूप घेऊन आली, सुपात जोंधळे, खण आणि खोबऱ्याची वाटी. सूप ओट्यावर ठेवलं. वन्संपुढं हात धरून म्हणाली, "तुमचा तो साबन द्या."

तिनं रांजणाजवळ बसून हात धुतले, कोपरापर्यंत, एकदा आणि परत एकदा. हौसा तोवर पदर धरून उभी होती. कोणी घाई केली नाही. मग धुरपदाबाई ओले हात झटकत आली आणि ओंजळीनं तिची ओटी भरली.